चार इंच नळी

शस्त्र परवान्याचं टेबल माझ्याकडे आलं तेव्हा कचेरीत माझी सोळा वर्षं झाली होती. त्याआधी रेशनकार्डं केली, मग उत्पन्नाचे दाखले, मग बराच काळ जमिनीची अपिलं. बंदूक मी पाहिली होती ती फक्त बँकेच्या दारातल्या वॉचमनच्या खांद्यावर. ज्यांच्याकडून चार्ज घेतला त्यांच्या निवृत्तीला आठवडा उरला होता. त्यांनी कपाटाची किल्ली दिली, लाल कापडात बांधलेली तीन रजिस्टरं पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "घाबरू नका मॅडम. आपल्याकडे बंदूक म्हणजे ठासणीची. डुकरं हाकलायला. ती भरून होईपर्यंत माणूस पळत घरी पोचेल."

ते खरंच होतं. ठासणीच्या बंदुकीला मागून गोळी घालायची सोयच नसते. तोंडातून दारू ओतायची, वर छर्रे, मग लांब गजाने ठासायचं, मागच्या बोंडावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. घोडा टोपीवर आपटतो आणि बार उडतो. दुसरा बार हवा असेल तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवर शेताच्या राखणीसाठी अशा बंदुका पिढ्यान्‌पिढ्या परवान्यावर चालत आल्या आहेत. काही इथल्याच कारागिरांनी केलेल्या, काही फार जुन्या, कुठल्या तरी फौजेतून बाद होऊन हातोहात इथवर आलेल्या.

माझं काम सोपं होतं. परवाना नव्याने करायचा असला किंवा वारसाच्या नावावर चढवायचा असला की माणूस बंदूक घेऊन यायचा. मी रजिस्टर उघडायचे, त्यातलं वर्णन वाचायचे आणि टेपने नळी मोजायचे. जुळलं तर "जुळते". नाही जुळलं तर "जुळत नाही". अक्षर माझं चांगलं, रजिस्टर स्वच्छ. वर्षभरात साहेब लोक माझ्या शेऱ्याखाली न वाचता सही करू लागले, आणि याचा मला अभिमान होता. मोजण्यापलीकडे त्या वस्तूत काही बघण्यासारखं असतं हे माझ्या गावीही नव्हतं.

श्रावणात तलासरीकडच्या एका पाड्यावरून एक म्हातारे बाबा आणि त्यांची सून आली. बाबा काटकुळे, अंगात पांढरा सदरा, गुडघ्यापर्यंत धोतर. सून चाळिशीची असेल. तिचा नवरा काही वर्षांपूर्वी गेला होता आणि शेत आता तीच बघत होती. बाबांचे हात कापायला लागले म्हणून परवाना सुनेच्या नावावर करायचा होता. तिने बंदूक गोणपाटातून काढून माझ्या टेबलावर ठेवली. ठेवताना तोंड भिंतीकडे केलं, हे तेव्हाही माझ्या लक्षात आलं.

रजिस्टरमध्ये लिहिलं होतं: एकनळी, ठासणीची, नळीची लांबी एकोणचाळीस इंच, कळपट्टीवर मुकुटाचा छाप आणि क्रमांक. कळपट्टी म्हणजे घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसवलेला असतो ती. मी टेप लावली. पस्तीस. पुन्हा लावली. पस्तीसच. कळपट्टी उलटसुलट पाहिली, तिच्यावर मुकुट नाही आणि क्रमांकही नाही. लाकडी दस्ता तर कुणी घरीच तासून केल्यासारखा दिसत होता.

"बाबा, ही ती बंदूक नाही," मी म्हटलं.

बाबांना आधी कळलंच नाही. सुनेने कानाशी वाकून सांगितलं. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "बाय, माझी नाय, तर मंग कोनाची?"

"ते मी कसं सांगू? कागदात आहे ती ही नाही एवढंच."

"माझ्या बापाची हाय ही."

सुनेने गोणपाटाची घडी घातली. मी शेरा लिहिला: वर्णन जुळत नाही, शस्त्र बदलल्याची शक्यता, निर्णय होईपर्यंत पोलीस ठाण्यात जमा ठेवावे. त्या संध्याकाळी घरी मी नवऱ्याला हा प्रसंग थोडा रंगवूनच सांगितला. तो रेल्वेत सिग्नलकडे आहे. तो म्हणाला, "चार इंच म्हणजे चार इंच. बरोबर केलंस." मलाही तसंच वाटलं.

आश्विनात सून एकटी आली. माझ्यासमोर उभी राहून तिने विचारलं, "मॅडम, निकाल कवा लागंल?"

"वर पाठवलंय. वेळ लागतो."

"बरं." ती वळली, मग परत फिरली. "दोन खाचरं आडवी केली डुकरांनी. दाना भरला व्हता. बाबा डबा वाजवत बसतात बांधावर. आता डब्याला भीत नाय ती."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस किती पडला हे सांगावं तसं तिने सांगितलं आणि गेली. ती भांडली असती तर मी नियम दाखवला असता. ती भांडली नाही, त्यामुळे मला काही सुचेना. माझ्या दोन शब्दांमुळे कुणाचा तरी भात गेला होता. दुपारी अडकलेली फाइल शोधून मी साहेबांकडे गेले. साहेब नवे होते, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे.

"तुम्ही नळी मोजलीत," ते फाइल बघत म्हणाले. "ती कापलीय का, हे पाहिलंत?"

"नाही सर. ते कसं बघतात मला माहीत नाही."

"मग ज्याला माहीत आहे त्याला दाखवा."

डहाणू रोड स्टेशनच्या मागच्या गल्लीत पूर्वी बंदूक दुरुस्तीचं परवानाधारक दुकान होतं. आता तिथे झेरॉक्स काढून मिळते, पण दुकानाचे मालक त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. ऐंशी ओलांडलेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. घरात गुजराती, बाहेर मराठी, आणि बोलण्याच्या भरात दोन्ही. मी त्यांना काका म्हणू लागले, ते मला बेन म्हणत. काम सांगितल्यावर त्यांनी पटकन शर्ट बदलला. मुलगी म्हणाली, "बापूजी, आज लगेच कशाला?" तर म्हणाले, "किती वरसांनी कुणी बंदूक दाखवायला बोलावलंय!"

पोलीस ठाण्यात हवालदाराने बंदूक आणून टेबलावर ठेवली. गज नळीत घालून आधी ती रिकामी असल्याची काकांनी खात्री केली. त्यांनी टेप मागितली नाही. खिडकीजवळ खुर्ची ओढली, बंदूक मांडीवर आडवी घेतली आणि नुसते हात फिरवत राहिले, आंधळा माणूस चेहरा ओळखतो तसे.

"बेन, आधी सगळ्यात बारीक वस्तू बघायची," ते म्हणाले. "स्क्रू. मोठ्या वस्तूवर सगळ्यांची नजर जाते, म्हणून खोटं बोलायचं तर माणूस तिथे बोलतो. स्क्रूकडे कोण बघतो? हा बघा, शिलाई मशीनचा. हा त्याच्या शेजारचा हातानं केलाय. याची खाच मधोमध नाय, जरा बाजूला सरकलीय."

मी वाकून पाहिलं. खरंच सरकलेली होती. वर्षभरात कितीतरी बंदुका माझ्या टेबलावरून गेल्या, आणि स्क्रूला खाच असते एवढंच मला माहीत होतं.

मग त्यांनी घोडा मागे ओढून हळूच सोडला, अंगठ्याने धरून. "घोडा मूळचा नाय. इथल्या लोहाराचा आहे. कानस तिरकी चाललीय, बघा. पण टोपीवर आपटतो तिथे एका बाजूला खड्डा पडलाय. हा खड्डा एका वरसात पडत नाय. हा घोडा पण आता म्हातारा झाला."

दस्ता सागाचा होता. ते बघून त्यांनी तोंड वाकडं केलं. "साग धक्क्यानं चिरतो. दस्ता शिसवाचा पाहिजे." बोलता बोलता त्यांचं बोट दस्त्याच्या मनगटाशी, म्हणजे मूठ धरायच्या बारीक भागाशी, असलेल्या एका चिरेवर थांबलं. चीर तांब्याच्या बारीक तारेने गुंडाळली होती, वेढ्याला वेढा चिकटून, मध्ये नखसुद्धा शिरणार नाही. काका बराच वेळ ती तार चाचपत राहिले. "ज्यानं ही बांधली ना," ते म्हणाले, "त्याला मी माझ्या दुकानात ठेवला असता."

त्यांनी बंदूक उलटी केली आणि नळीच्या बुडाशी, जिथे तिचं लोखंडी शेपूट पेचाने बसवलेलं असतं, तिथे मला मोबाईलचा टॉर्च धरायला सांगितला. नळी आणि शेपूट दोन्हींवर मिळून छिन्नीची एक छोटी रेघ होती. अर्धी इकडे, अर्धी तिकडे, आणि दोन्ही अर्ध्या एका ओळीत.

"बनवणाऱ्यानं मारलेली रेघ. बूड कुणी फिरवून उघडलं असतं तर ही तुटली असती. ही नळी जन्मली तशीच आहे. घोडा बदलला, दस्ता बदलला, पट्टी बदलली. नळी तीच."

"म्हणजे बंदूक खोटी नाही?"

"खोटी वेगळी न् बदललेली वेगळी. शौकीन लोक असतात, भिंतीवर लावायला जुन्या बंदुका घेतात. ते हिला हात लावणार नाय. त्यांना सगळं पहिल्या दिवसाचं पाहिजे. पण त्यांच्या बंदुका बसून राहिल्या बेन, म्हणून तशा राहिल्या. ही कामाला गेली."

शेवटी ते नळीच्या तोंडाशी आले. अंगठा कडेवरून फिरवला, मग करंगळी आत घातली. आत वळत गेलेल्या तीन उथळ खाचा होत्या. गोळीला फिरकी बसावी म्हणून पाडतात तशा. म्हणजे ही साधी बंदूक नव्हती, मूळची रायफल होती. काकांनी त्या मला बोटाने बघायला लावल्या. मग ते कडेकडे परत आले. पुन्हा अंगठा फिरवला. हवालदाराकडे पाणी मागितलं.

"कापलीय," एवढंच म्हणाले.

"कधी?"

"जुनी गोष्ट."

रिक्षातून घराखाली उतरल्यावर ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "बेन, त्या घरचा माणूस भेटेल? मला तिकडे जायचंय."

आठ दिवसांनी एका सुट्टीच्या सकाळी आम्ही तलासरीची एसटी पकडली. पुढे शेअर रिक्षा, आणि मग पाड्यापर्यंत चालत. काका छत्रीचा आधार घेत, दर शंभर पावलांवर थांबत, पण परत जाऊ असं काही म्हणेनात. भात कापून झाला होता. खाचरांत धसकटं उभी होती आणि बांधावर तूर फुलली होती. कुडाच्या भिंतींचं, शेणाने सारवलेलं घर. बाबा ओट्यावर बसून दोरी वळत होते. मला बघून त्यांनी सुनेला हाक मारली, आणि मग त्यांची नजर काकांवर गेली. तिथेच थांबली.

"तू पंखावाला ना?" बाबा म्हणाले.

काका खाली बसले.

"तुझ्या दुकानात टेबलाचा पंखा व्हता," बाबा मला सांगू लागले, जणू काका तिथे नव्हतेच. "करवत चालवायला लागला तवा ह्यानं पंखा बंद केला. बोलला, किस उडतो. घामानं भिजला पार. मना वाटला, किती सबूर मानूस."

हळूहळू सगळं निघालं. बाबा तेव्हा ऐन तारुण्यात होते. पावसाळाभर बंदूक खुंटीला टांगलेली. कुंभारमाशीने नळीच्या तोंडात मातीचं घर केलं होतं. सुगीच्या दिवसांत डुकरं आली तेव्हा घाईत कुणी पाहिलं नाही. बाबांनी बार काढला आणि नळीचं तोंड केळीच्या सालीसारखं फाटलं. त्यांनी डावा हात पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी पांढरी पडलेली जुनी जखम होती. नंतर ते डहाणूला गेले, बंदूक घेऊन, परवाना घेऊन, आणि काकांनी फाटलेला भाग कापून नळी सरळ केली.

"कापली ते मी कचेरीत कळवायला पाहिजे होतं," काका म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "नियम तसा होता. लांबी बदलली की दुकानदारानं लिहून द्यायचं. त्याच आठवड्यात माझी बायको आजारी पडली. मी दुकान बंद करून तिला सुरतला नेली. महिनाभर तिथेच होतो. आलो तेव्हा मी एकटा होतो. त्या महिन्यातलं मला काही आठवत नव्हतं. परवा तुमच्या नळीवर अंगठा फिरवला तेव्हा आठवलं. अशी कड मीच गोल करायचो."

बाबांनी हातातली दोरी खाली ठेवली. मग बाबाच म्हणाले, "मना वाटला तू कळवलंस. तुला आठवलाच नाय. मंग कोन कळवनार?" आणि ते हसले, दात नसलेलं मोकळं हसू. काकांनी मान खाली घातली, पण थोड्या वेळाने तेही हसले. माझ्याच्याने मात्र हसवेना. दोघांच्या मध्ये जे राहून गेलं होतं त्यावर मी "बदलल्याची शक्यता" असं लिहून मोकळी झाले होते.

मी काकांना विचारलं, "तुम्ही लिहून दिलंत तर साहेब ऐकतील. पण पुरावा काय? तो कापलेला तुकडा असता तर..."

"तो कुणी ठेवतो काय? भंगार ते."

"हाय ना," सून म्हणाली.

आम्ही तिघं तिच्याकडे बघू लागलो. ती आत गेली, माळ्यावर चढली आणि झाकणाची बांबूची करंडी घेऊन आली. पदराने धूळ पुसून तिने झाकण काढलं. आत जुन्या धोतराच्या फडक्यात एकेक वस्तू बांधलेली. मोडलेला घोडा. किड्याने खाल्लेला अर्धा दस्ता. लाकडी गजाचे दोन तुकडे. एक वाकडा चाप. स्क्रूच्या जागी चीर गेलेली लोखंडी पट्टी. आणि फाटलेल्या तोंडाचा, चार इंच लांबीचा नळीचा तुकडा. सगळ्यांवर वाळलेल्या हळदकुंकवाचे ठिपके होते.

"दसऱ्याला बंदुकीची पूजा करतो तवा यांची पन करतो," ती म्हणाली. "बाबा बोलतात, यांनी पन राखन केली."

मी पट्टी उचलली. बोट ओलं करून पुसली. मुकुट. त्याखाली क्रमांक. रजिस्टरमधला तो क्रमांक मला पाठ झाला होता.

"अहो, हे कचेरीत का नाही आणलंत?" मी जवळजवळ ओरडलेच.

ती गोंधळली. "तुमी बोललात बंदूक घेऊन या. ही बंदूक थोडीच हाय? ही तिची निघालेली हाय."

काका एकेक भाग हातात घेत होते. मोडलेला घोडा त्यांनी उन्हात धरला, त्याच्या मानेवरची बारीक नक्षी मला दाखवली आणि म्हणाले, "किती सुंदर हात होता." मग त्यांनी सुनेला विचारलं, दस्त्याला तार कुणी बांधली? ती लाजून म्हणाली, "मीच. मोटरवाल्याकडं जुनी तार मिळली." पोलीस ठाण्यात काका जे वाक्य म्हणाले होते ते त्यांना आठवलं असावं, कारण ते तिच्याकडे बघतच राहिले.

पुढच्या आठवड्यात पोलीस ठाण्यात टेबलावर फडकं पसरून आम्ही सगळे जमलो होतो. साहेब स्वतः आले होते. करंडी सुनेच्या मांडीवर. काकांनी तुकडा नळीच्या तोंडाला लावून पाहिला, पण त्यांची नजर पुरेना. त्यांनी तो सुनेच्या हातात दिला.

"फिरव. हळूहळू. आतल्या खाचा एकमेकींना भेटल्या पाहिजेत."

तिने केरसुणीतली एक हीर मोडून घेतली. तुकडा नळीला टेकवायचा, हीर आतून खाचेत सरकवायची. सांध्यापाशी हीर अडली. तिने तुकडा थोडा फिरवला. पुन्हा अडली. तीन खाचा, म्हणजे तीनदा जुळल्यासारखं वाटणार. पहिल्यांदा दोन खाचा जुळल्या, तिसरी अडली. काका म्हणाले, "एका खाचेची कड गजाच्या घासण्यानं झिजलीय. ती तिच्याच जोडीला बसेल, दुसरीला नाय." तिने पुन्हा फिरवला. या वेळी हीर सांध्यावरून सरळ पुढे गेली. दुसरीतून गेली. तिसरीतूनही गेली. करवतीच्या रेघासुद्धा दोन्ही तोंडांवर एकमेकींत बसल्या.

साहेबांनी स्वतः हीर घेऊन तिन्ही खाचांतून फिरवून पाहिली. मग मला म्हणाले, "मोजा."

मी टेप लावली. फाटलेल्या ओठापर्यंत एकोणचाळीस.

बाबा बाकावर बसून होते. त्यांना यात काही नवल वाटलं नाही. "बोललो व्हतो ना बाय," एवढंच म्हणाले.

काकांनी आपल्या हाताने जबाब लिहून दिला, गुजराती वळणाच्या देवनागरीत. आपण नळी कापली आणि कळवायचं राहिलं, चूक आपली, घरच्यांची नाही. साहेबांनी तो वाचला, काकांकडे पाहिलं, आणि फाइलला लावला. क्रमांक नळीवर नव्याने ठोकून घ्यावा, वर्णन दुरुस्त करावं आणि परवाना सुनेच्या नावावर करण्यास हरकत नाही, असा आदेश झाला. नेमबाजीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र तिला आणावं लागलं. तिथे ती एकटीच बाई होती, तरी सुट्टी न घेता तिने ते पुरं केलं. पौषात तिने परवान्यावर सही केली. सही करताना अक्षरं मोठी आली म्हणून मला म्हणाली, "रेघेच्या भायेर गेली मॅडम, चालंल ना?" मी म्हटलं, "चालेल."

नवं वर्णन मी लिहिलं. आधी ते तीन ओळींचं होतं, आता दीड पान झालं. नळी मूळची, तोंडाकडून चार इंच कापलेली, कारण सोबत. घोडा स्थानिक लोहाराचा. दस्ता सागाचा, मनगटाशी तांब्याच्या तारेचं बांधकाम. एक स्क्रू शिलाई मशीनचा. साहेब म्हणाले, एवढं कशाला? मी म्हटलं, माझ्यानंतर जी येईल तिला टेपशिवायही काही हाती असावं म्हणून.

मग मी माझे जुने शेरे काढून बसले. "जुळत नाही" असे आणखी चार निघाले. काकांना घेऊन मी चारही ठिकाणी गेले. एक बंदूक खरोखरच दुसरी होती. ते मालकानेच कबूल केलं. दोन बदललेल्या होत्या, एक झाईकडच्या वाडीतली, एक डोंगरातली. त्या दोन्ही फाइली पुन्हा उघडल्या आणि सुटल्या. चौथ्या घरी उशीर झाला होता. माझा शेरा वाचून घरच्यांनीच बंदूक कायमची सरकारजमा करून टाकली होती, आणि ती नष्ट झाली होती. त्या घरच्या बाईंनी आम्हाला पाणी दिलं, नारळ दिला. काका वाटेत म्हणाले, "बेन, माझा एक राहिला, तुमचा एक राहिला." ते अजून सलतं.

आता काका दर गुरुवारी कचेरीत येतात. साहेबांनीच सुचवलं. माझ्या टेबलाशेजारी त्यांची खुर्ची असते. बंदूक आली की मी आधी स्क्रू बघते आणि काय दिसतं ते त्यांना सांगते. चुकले की ते टेबलावर दोन बोटं वाजवतात. मध्ये एक गृहस्थ आगर गावाकडून भली मोठी पिशवी भरून जुनं लोखंड घेऊन आले, त्यांनी म्हणे ऐकलं होतं की कचेरीत जुने भाग लागतात. त्यात बिजागऱ्या होत्या, होडीच्या इंजिनाचे तुकडे होते, आणि बंदुकीचं काही म्हणता काही नव्हतं. काकांनी तरी एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली.

यंदा भात पिवळा पडल्यावर सुनेने आम्हाला घरी बोलावलं. दिवेलागणीच्या जरा आधी ती बांधावर उभी होती. बाबा ओट्यावर घोंगडी घेऊन पहुडलेले. कुंपणापलीकडच्या बांबूंत काहीतरी हललं. तिने आधी गज घालून नळी मोकळी आहे ना पाहिलं, मग दारू ओतली, ठासली. छर्रे घातले नाहीत. "नुसता आवाज पुरं," ती म्हणाली. टोपी बसवली, आम्हाला मागे सरकायला लावलं आणि आभाळाकडे रोखून चाप ओढला.

इतक्या बंदुका मोजून मी त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. तो छातीत लागला. पांढरा धूर भातावर पसरला आणि बांबूंतून चार-पाच काळे आकार टेकाडाकडे धावत गेले. काका टाळी वाजवायला लागले, लहान मुलासारखी. बाबांनी कूस बदलली, उठले काही नाहीत.

ती लगेच घरात गेली आणि चुलीवरचं उकळतं पाणी घेऊन आली. बार उडाला की नळी गरम पाण्याने धुवायची, नाहीतर गंज चढतो, हे काकांनी तिला बजावलं होतं. तोंडातून पाणी ओतलं तसं बोंडाच्या छिद्रातून काळं पाणी वाहू लागलं. ती नळी हलवत राहिली, पाणी निवळेपर्यंत.

"चहाचं पाणी होतं ना ते?" काकांनी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. "दुसरं ठेवते."

आम्ही ओट्यावर बसलो. समोर दोन्ही खाचरं उभी होती.